डाग पडला तर आधी सांगा





मुख्याध्यापकाच्या लेखणीतून शिस्त, अभ्यास, परीक्षा आणि फी यांखेरीज दुसरे काही येईल अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवत नाही. या अंकात मात्र मी गालिच्यावरच्या डागांविषयी लिहिणार आहे. कारण साधे आहे. बालवर्गाच्या खोलीत फरशीवर काय अंथरावे, हा विषय सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घ्यावा, असे काही पालकांचे म्हणणे आहे. मुले चार दिवसांत त्याची वाट लावतील, असे इतरांचे म्हणणे आहे. ही चर्चा ऐकताना जाणवले की डाग कसा पडतो, कसा निघतो आणि का निघत नाही, याविषयी आपल्या मनात बरेच गैरसमज आहेत. त्या गैरसमजांची किंमत पुष्कळदा घरातल्या मुलांना मोजावी लागते.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरातले बहुतेक हट्टी डाग पडतात त्या वेळी मुळीच हट्टी नसतात. आपण त्यांना हट्टी करतो. उशीर करून, जोरजोरात घासून आणि भलतेच औषध ओतून करतो. त्यातला उशीर हा सर्वांत मोठा, आणि तो बहुधा भीतीपोटी होतो.

आपल्या घरात काय अंथरलेले असते?

आपली मंडळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने येऊन सुरतेत स्थिरावली. येताना ट्रंकेबरोबर एक सतरंजी आणि एखादे जाजम आले. बारशापासून सत्यनारायणापर्यंत सगळे त्यावर पार पडले. आता दिवाणखान्यात सोफ्यापुढे यंत्रावर विणलेला गालिचा आला. कोणाकडे पानिपतची दरी असते, कोणाकडे भदोहीकडचा हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा. आपल्या शेजारच्या बडोद्यात खंडेराव गायकवाड महाराजांनी १८६० च्या दशकात चक्क मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. २००९ साली दोहा येथील लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. तसल्या गालिच्यावर चहा सांडण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. पण दोन हजारांचा गालिचा ज्यांनी बोनसच्या पैशातून घेतला आहे, त्यांना तो मोत्यांच्या गालिच्याइतकाच जपावासा वाटतो, आणि ते योग्यच आहे.

डाग काढण्यापूर्वी हे अंथरूण कशाचे आहे ते कळले पाहिजे. सतरंजी सुताची. सूत पाणी पिते, धुता येते, पण तिचा रंग कच्चा असला तर पसरतो. लोकर ही केसांच्या जातीची, म्हणजे प्रथिनाची. तिला सोडा, कडक साबण आणि ब्लीच अजिबात सोसत नाही; ब्लीचमध्ये तर लोकर अक्षरशः विरघळते. स्वस्त यंत्रमागी गालिचे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते पाणी पीत नाहीत, म्हणून चहाचा डाग त्यावरून तुलनेने सहज निघतो, पण तेल-तूप मात्र घट्ट धरून ठेवतात.

कशाचा धागा आहे हे ओळखायची युक्ती कापडाच्या धंद्यातील आपल्या पालकांना शिकवायला नको. गालिच्याच्या मागच्या कडेचा एक धागा काढून मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, सूत असेल तर कागद जळल्याचा. नायलॉन, पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून कडक मणी होतो. मुलांनी हे पाहावे, पण काडी स्वतः ओढू नये.

पहिली पंधरा मिनिटे

डाग पडला की आपल्या हाताची पहिली हालचाल घासण्याची होते. तिथेच बिघडते. घासल्याने डाग आडवा पसरतो, खाली मुळाशी उतरतो आणि धाग्यांचे पीळ उसवतात. मग डाग गेला तरी तेवढा भाग कायमचा विस्कटलेला दिसतो.

आमच्या शाळकरी वयात दप्तरात टीपकागद असायचा. शाईचा थेंब वहीवर पडला तर त्यावर टीपकागद टेकवायचा आणि दाबायचा. घासला तर पान गेलेच. आजच्या मुलांनी टीपकागद पाहिलेलाही नाही, पण गालिच्याला लागू पडणारी विद्या तीच आहे. घट्ट पदार्थ असेल तर आधी बोथट चमच्याने उचलून घ्यावा. मग पांढरे सुती फडके, म्हणजे जुने धोतर किंवा बनियन, डागावर ठेवून तळहाताने दाबावे. फडके ओले झाले की कोरडी बाजू घ्यावी. काम नेहमी डागाच्या कडेकडून मध्याकडे करावे. फडके पांढरेच हवे, नाहीतर फडक्याचा रंग गालिच्याला लागतो आणि एकाचे दोन डाग होतात.

टिपून झाल्यावर थोडेसे साधे पाणी शिंपडावे आणि पुन्हा टिपावे. बादलीभर पाणी ओतणे हा आपला दुसरा आवडता उपद्व्याप. गालिच्याची मागची बाजू तागाची असली तर जास्त पाण्याने तागातला तपकिरी रंग वर येतो आणि जिथे डाग नव्हता तिथेही पिवळट कडे दिसू लागते. शिवाय खाली ओल राहिली की बुरशी आणि कुबट वास आलाच. सुरतेच्या पावसाळी हवेत तर तो जाता जात नाही.

साध्या पाण्याने भागले नाही तर एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा भांड्यांचा द्रव साबण पुरे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, असा हिशेब इथे चालत नाही. धाग्यात राहिलेला साबण चिकट असतो, तो नवी धूळ ओढून घेतो. म्हणून साबणानंतर साध्या पाण्याने पुन्हा टिपून काढावे. शेवटी कोरडे फडके घडी करून त्यावर जड पुस्तके रात्रभर ठेवावीत (मध्ये प्लॅस्टिक घालून; पुस्तके आपल्याला लागतात). हे न केल्यास मुळाशी राहिलेला डाग वाळताना वर चढतो आणि सकाळी 'काल तर गेला होता' असे आपण म्हणतो.

कोणतेही औषध लावायचे असेल तर आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, थेंबभर लावून दहा मिनिटे थांबावे. गालिच्याचा रंग फडक्याला लागला तर ते औषध आपल्या कामाचे नाही.

डागाची जात ओळखा

'सगळ्या डागांवर एकच उपाय' अशा जाहिराती रोज दिसतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. डागांच्याही जाती असतात.

रक्त, दूध, अंडे हे प्रथिनांचे डाग. त्यांना थंड पाणीच हवे. गरम पाण्याने प्रथिन गोठते, जसे अंडे उकडल्यावर घट्ट होते. मग ते धाग्यात अडकून बसते. खेळताना गुडघा फुटला आणि रक्ताचा थेंब सतरंजीवर पडला तर थंड पाणी, आणि लगेच.

चहाच्या डागात दोन गोष्टी असतात. चहापत्तीचे टॅनिन आणि दुधातला स्निग्धांश. म्हणून आधी साबणाचे पाणी, मग पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग असे मिश्रण टिपून लावावे.

तेल-तुपाचा डाग पाण्याने हलत नाही. आपल्याकडे कोजागिरीला गच्चीवर सतरंजी अंथरून मसाला दूध होते आणि दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला अवघे सुरत शहर घारी खाते. घारीवरचे तूप अंथरुणावर पडायचेच. त्यावर लगेच मैदा किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरावी, अर्धा तास राहू द्यावी. ती तूप शोषून घेते. मग झाडून काढून साबणाचे पाणी.

हळदीचे प्रकरण निराळे. हळद हा डागही आहे आणि रंगही. तिच्यातले कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. साबण लावला की डाग लालभडक होतो आणि आई घाबरते. विज्ञानाच्या पुस्तकातला हळदीच्या कागदाचा प्रयोग मुलांनी इथे आठवावा. साबण आम्लारीधर्मी म्हणून हळद लाल होते, लिंबाचा रस लागला की पुन्हा पिवळी. घाबरण्याचे कारण नाही. हळदीचा खरा वैरी सूर्य आहे. जेवढी निघेल तेवढी काढून अंथरूण दोन-तीन दिवस उन्हात ठेवले तर राहिलेला पिवळेपणा फिकट होत जातो.

बॉलपेनच्या शाईला स्पिरिट. फडक्यावर स्पिरिट घेऊन टिपावे, थेट ओतू नये, कारण गालिच्याच्या पाठीचा चिकटवलेला थर त्याने सुटतो. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ गॅस किंवा समई नको. साध्या फाउंटन पेनची धुण्याजोगी निळी शाई मात्र ताजी असताना नुसत्या पाण्याने निघते.

रांगोळी आणि कुंकू सांडले तर पाण्याचा हात लावू नये. कोरडेच झाडून, शक्य तर व्हॅक्यूमने ओढून घ्यावे. ओले केले की त्यातला रंग धाग्यात शिरतो. च्युइंगम आणि मेण यांवर बर्फाचा खडा पिशवीत घालून ठेवावा. कडक झाले की तुकडे निघतात.

आणि एक डाग असा आहे की जो लोकरीवरून जातच नाही, तो मेंदीचा. तळहात, नखे, केस आणि लोकर हे सगळे केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाचे. मेंदीतला रंग त्या प्रथिनाशी जोडला जातो. जी मेंदी तळहातावर रंगली म्हणून आपण कौतुक करतो, तीच लोकरी गालिच्यावर तितकीच रंगते. लग्नघरात मेंदीच्या दिवशी गालिचा गुंडाळून ठेवणे हाच उपाय.

गिरणीतले ज्ञान घरात आणा

आपल्या शाळेतल्या अनेक मुलांचे वडील पांडेसरा, सचिन भागातल्या डाइंग-प्रिंटिंग गिरण्यांत काम करतात. रंग धाग्यावर पक्का कसा बसवायचा हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पॉलिएस्टर रंगवताना पाण्याचे तापमान १३० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. उष्णतेने धागा मोकळा होतो, रंग आत शिरतो, थंड झाल्यावर अडकतो. छापलेली साडी वाफेत ठेवतात तीही रंग पक्का व्हावा म्हणूनच.

आता हेच उलट करून पाहा. डागावर उकळते पाणी ओतणे किंवा गरम इस्त्री फिरवणे म्हणजे घरच्या घरी डागाचे डाइंग करणे होय. ही गोष्ट रात्रपाळी करून आलेला बाप आपल्या मुलाला दोन मिनिटांत समजावू शकतो. तो बहुधा समजावत नाही, कारण हे 'शाळेतले ज्ञान' नाही असे त्याला वाटते. मला वाटते, आपल्या मुलांच्या रसायनशास्त्राची सुरुवात त्यांच्याच घरातून व्हायला हवी. ज्या बापाच्या हाताला रोज रंग लागतो, त्याच्यापेक्षा चांगला शिक्षक कुठे मिळणार?

इथे भाषेचीही एक अडचण आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'क्षार' म्हणजे अल्कली, साबण-सोड्याच्या जातीचा. मराठी पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणजे सॉल्ट, मिठाच्या जातीचा. शब्द एक, वस्तू दोन. आपली मुले घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकतात. बाटलीवरची सूचना मात्र इंग्रजीत असते. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर तिचे नाव आणि 'कशात मिसळू नये' हे मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. हे काम सातवी-आठवीच्या मुलांनी करावे. त्यातून भाषा आणि विज्ञान दोन्ही शिकून होईल.

जिथे चूक परवडत नाही

डाग राहिला तर राहिला. पण डाग काढण्याच्या नादात जे होते ते काही वेळा जिवावर बेतते. म्हणून हा भाग सर्वांनी, विशेषतः मुलींनी आणि आयांनी, दोनदा वाचावा.

ब्लीच आणि संडास-बाथरूमचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो फुप्फुसांना इजा करतो, जास्त झाला तर प्राणघातक ठरतो. ब्लीच आणि अमोनिया असलेले काच पुसायचे औषध यांचेही मिश्रण विषारी. 'दोन्ही थोडे थोडे घालू, लवकर निघेल' हा विचार मनात आला की हात आवरावा. चुकून मिसळले गेलेच तर ते धुवायला बसू नये. सर्वांनी ताबडतोब खोलीबाहेर पडावे, निघता निघता दार-खिडकी उघडता आली तर उघडावी. त्रास होत असेल तर दवाखाना गाठावा.

ॲसिडच्या उघड्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले. त्यामागे ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या एका मुलीने दिलेला लढा होता. ज्या वस्तूसाठी दुकानदाराने नोंद ठेवावी असा आदेश निघतो, ती वस्तू पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवणे किती धोक्याचे आहे, याचा विचार करावा. लहान मूल तहानेने बाटली उचलते, आतले पाहत नाही.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी डाग पुसण्याची जुनी सवयही सोडून द्यावी. त्यांची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. एका गालिच्यासाठी घर पणाला लावू नये.

हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यातल्या त्यात सौम्य औषध. पण तेही बाटलीवरची टक्केवारी वाचून, ३ टक्क्यांपेक्षा सौम्य करून आणि फक्त फिक्या रंगाच्या अंथरुणावर वापरावे. ते डागाबरोबर गालिच्याचा रंगही उडवते.

टीपॉय का सरकतो?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी पालक सभा संपल्यावर एक आई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, आमच्या घरातला टीपॉय रोज थोडा थोडा सरकतो. मी जागेवर ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच." शेवटी एके दिवशी टीपॉय उचलला तर खाली शाईचा निळा डाग, तळहाताएवढा. मुलाने पंधरा दिवस तो टीपॉयखाली झाकून ठेवला होता. फाउंटन पेनची शाई होती. सांडली तेव्हा सांगितले असते तर पाच मिनिटांचे काम. पंधरा दिवसांनी ती लोकरीत मुरली होती.

मुलाला विचारले तर उत्तर एकच. पप्पा मारतील.

पालकहो, या घरात गालिचा कोणी खराब केला? शाई मुलाने सांडली हे खरे. पण डाग पक्का झाला तो माराच्या भीतीने. पाण्याने जाणारी शाई भीतीने टिकवली. गालिच्याचे सोडा, तो धुऊन येईल किंवा नवा येईल. पण ज्या मुलाला शाई लपवायची सवय लागली, तो उद्या गणितातले मार्क लपवेल, परवा वर्गात त्रास देणाऱ्या मुलाची गोष्ट लपवेल, आणि मोठेपणी कर्जाची किंवा आजाराची चिठ्ठी लपवेल. जे ताजे असताना सहज सुटले असते, ते आपल्यापर्यंत पोहोचेल तेव्हा मुरलेले असेल.

डाग चांगले असतात असे सांगणारी साबणाची जाहिरात मध्यंतरी फार गाजली. मला ती पूर्णपणे पटत नाही. डाग चांगला नसतो. डाग हा डागच. मुलाने बेफिकिरीने वागावे आणि आईने हसत हसत धुवावे, ही काही आदर्श गोष्ट नव्हे. माझे म्हणणे वेगळे आहे. घरात तीन नियम असावेत. जो सांडेल त्याने लगेच सांगावे. जो लगेच सांगेल त्याला कोणी रागावू नये. आणि ज्याने सांडले त्यानेच, मोठ्यांच्या मदतीने, टिपावे.

तिसरा नियम मुलांसाठी, म्हणजे मुलग्यांसाठी, मुद्दाम सांगतो. दादाने चहा सांडला आणि ताईने पुसला, हे आपल्याकडे अजून सर्रास चालते. फडके घेऊन खाली बसल्याने कोणाचे पुरुषपण कमी होत नाही. वडिलांनी स्वतः सांडलेला चहा स्वतः टिपला तर मुलगा सांगण्यावाचून शिकेल.

"असे केले तर मुले शेफारतील," ही शंका काही पालक घेतील. माझा अनुभव उलट आहे. मार एका मिनिटात संपतो आणि मूल सुटते. अर्धा तास गुडघ्यावर बसून, कडेकडून मध्याकडे, फडके बदलत टिपायला लागले की पुढच्या वेळी पेला दोन्ही हातांनी धरला जातो.

तापीचा चिखल

सुरतकरांना डागांविषयी बोलायचे तर ऑगस्ट २००६ विसरता येणार नाही. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखलाचा थर राहिला आणि रस्त्यांवर गाद्या, सतरंज्या, गालिच्यांचे ढीग लागले. तापी मुलताईला उगम पावून खानदेशातून इकडे येते. आपल्या घरात शिरलेल्या त्या गाळात आपल्याच गावाकडची काळी माती होती, असे म्हणायला हरकत नाही.

काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात, ओले झाले की फुगतात आणि चिकटतात. ओला चिखल पुसला की तो धाग्यात खोल जातो. पावसाळ्यात पायाने आलेला साधा चिखल असेल तर पूर्ण वाळू द्यावा, मग अंथरूण उलटे टांगून काठीने झोडपावे, झाडावे, आणि शेवटी राहिलेला डाग साबणाच्या पाण्याने टिपावा. घाई करू नये, असा हा एकच डाग.

पुराच्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. त्यात गटारही मिसळलेले असते, उंदरांचे मूत्रही असते. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिसची धास्ती दर पावसाळ्यात असते. असा जाड गालिचा किंवा गादी दोन दिवसांहून अधिक ओली राहिली असेल तर तिचा मोह सोडावा. ती डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी आत बुरशी आणि जंतू राहतात. सुती सतरंजी मात्र हातमोजे घालून उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवता येते. इथे डागापेक्षा आरोग्य मोठे, म्हणून गरम पाणी चालेल.

याच शहराने १९९४ ची प्लेगची साथ पाहिली. त्यानंतर १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात सफाईची घडी बसली, आणि स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूरबरोबर सुरत देशात पहिले आले. हे एखादे जालीम औषध फवारून झाले नाही. रोजचा झाडू रोज फिरला, म्हणून झाले. घरातल्या गालिच्यालाही हाच न्याय. आठवड्यातून दोनदा झाडलेला, महिन्यातून एकदा उन्हात टाकलेला गालिचा डागांना सहजासहजी जागा देत नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती

यावरून बालवर्गाविषयीचे माझे मत स्पष्ट होईल. चिकटवलेला गालिचा नको. तो उचलता येत नाही, उन्हात टाकता येत नाही, मुळातून वाळत नाही. लहान मुलांच्या खोलीत दूध सांडणार, रंग सांडणार, कोणाची चड्डी ओली होणार. हे सगळे गृहीत धरूनच अंथरूण घ्यावे. माझी सूचना अशी की जाड सुती सतरंज्यांचे दोन जोड घ्यावेत. एक अंथरलेला, एक धुवून वाळत घातलेला. रंग पक्का आहे की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहूनच खरेदी व्हावी.

दुसरे, शाळेच्या स्वच्छतागृहांसाठी ॲसिड घेणे बंद करून साबण आणि सौम्य द्रव वापरावा, आणि सफाईचे सर्व सामान कुलपात ठेवावे. सफाई करणाऱ्या मावशींना हातमोजे द्यावेत.

तिसरे, इयत्ता सातवी आणि आठवीसाठी वर्षातून दोन तासिका 'घरातले रसायन' या विषयाला द्याव्यात. जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर चहा, हळद, शाई, तेल यांचे डाग पाडायचे. एक तुकडा लगेच, एक तासाने, एक आठवड्याने धुवायचा आणि काय फरक पडला ते वहीत लिहायचे. गिरणीत काम करणाऱ्या पालकांपैकी कोणी येऊन रंगाविषयी बोलायला तयार असतील तर त्यांचे स्वागत आहे. त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.

मुलांनो, तुम्हाला एकच सांगणे. मराठीत 'डाग' या शब्दाचा जुना अर्थ दागिना असाही आहे. आजी 'सोन्याचा डाग' म्हणते तो दागिनाच. पण गालिच्यावरचा डाग झाकून ठेवल्याने त्याचा दागिना होत नाही. सांडले तर हाक मारा, फडके घ्या आणि टिपायला लागा.

आणि पालकहो, ती हाक ऐकू आली की आधी आवाज खाली आणा, मग फडके हातात घ्या.

आपला,
मुख्याध्यापक